जी-एचचे पत्ते: पानं चांगली, डाव नव्याने लावा

इंदूरच्या खजुरी बाजारातल्या शाळेच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि भंवरकुआंच्या कोचिंगपट्ट्यात एक निळा खोका विकायला असतो. जी आणि एच ही अक्षरं शेजारीशेजारी येतात अशा 96 इंग्रजी शब्दांचे पत्ते, वर नियमांचे 4, मिळून 100. छापील किंमत 240 रुपये. खजुरीत नुसतं विचारलं तरी 200 ला देतात. नाइट, डॉटर, लाफ, थ्रू, घोस्ट अशा शब्दांनी सहावी-सातवीच्या मुलांपासून बँकेच्या आणि एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) परीक्षा देणाऱ्यांपर्यंत सगळेच बेजार असतात, त्यामुळे खोका खपतो. खपावा असा मालही आहे. फक्त तो ज्या क्रमाने हातात येतो, त्या क्रमाने कोणी शिकू नये.

पत्ता 6 बाय 9 सेंटिमीटरचा, 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम) पुठ्ठ्याचा. पुढच्या बाजूला मोठ्या टायपात शब्द, त्यातलं जी-एच तांबडं. मागे देवनागरीत उच्चार, हिंदीत अर्थ आणि एक वाक्य. लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला आहे, आणि पावसाळ्यात इथेच घोळ होतो: उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, प्लास्टिकची बाजू तसूभर हलत नाही, आणि पत्ता प्लास्टिकच्या बाजूला वळून पन्हळीसारखा होतो. गठ्ठ्यात एक पत्ता सुलटा, एक उलटा असे रचून वर रबर लावलं तर एकाचा बाक दुसऱ्याला दाबतो आणि गठ्ठा सपाट राहतो. उघड्या बाजूचा एक फायदाही आहे, तिच्यावर साधं बॉलपेन चालतं. तो लागणारच आहे, कारण दुरुस्त्या करायच्या आहेत.

आता क्रम. पत्ते वर्णानुक्रमे लावलेत. पहिला अफगाण, दुसरा अगास्ट, तिसरा अलाइट, चौथा ऑल्दो. म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत जी-एचचा ग, तिसऱ्यात ते मुकं, चौथ्यातही मुकं पण आधीचा स्वर भलताच. शिकणारा चार पत्त्यांतच ठरवून टाकतो की या जोडीला काही धरबंध नाही. पुढे टीच्या भागात तर थरो, दो, थॉट, थ्रू सलग येतात. एकसारखे दिसणारे शब्द एका बैठकीत पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात आणि मग आठवडाभर वेगळे होत नाहीत, हे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

खरं तर जी-एचला धरबंध आहे, आणि तो जागेवरून ठरतो. जोडी शब्दात कुठे बसली आहे आणि तिच्या आधी कोणते स्वर आहेत एवढं पाहिलं की बहुतेक शब्द सुटतात. म्हणून खोका फोडल्यावर पहिलं काम: पाच गठ्ठ्या करा.

पहिली गठ्ठी ग म्हणणाऱ्या 14 शब्दांची. जोडी शब्दाच्या आरंभी असेल तर ती ग. घोस्ट, घास्टली, घूल असं आपण घ लिहितो खरं, पण इंग्रजाच्या तोंडी तो निव्वळ ग असतो. मधे येऊनही ग म्हणणारे शब्द जवळजवळ सगळे बाहेरून आलेले आहेत: इटलीहून स्पगेटी, तुर्कीतून योगर्ट, आपल्याकडून घी, घाट आणि डिंगी नावाची होडी. सॉर्गम म्हणजे आपली ज्वारी. त्या पत्त्यावर 'एक प्रकार का अनाज' एवढंच छापलंय, तिथे ज्वारी लिहून टाका. घोस्टमधल्या एचची गोष्ट तर छापखान्यातली. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन आधी आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये छपाई करत होता, 1476 मध्ये त्याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. ब्रुजकडच्या फ्लेमिश भाषेत या शब्दाला जी-एच होतं, त्या वळणाने ते कॅक्स्टनच्या छपाईत शिरलं आणि गोस्टला एच चिकटला. उच्चाराशी त्या एचचा तेव्हाही संबंध नव्हता.

दुसरी गठ्ठी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सोपी: आधी आय असलेले 34 शब्द. नाइट, लाइट, फ्लाइट, हाय, साय, थाय. जी-एच मुकं, आय म्हणजे 'आय'. या 34 मध्ये एकही अपवाद नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी. वाचायला ही गठ्ठी दहा मिनिटांची आहे, लिहायला मात्र अवघड, कारण काइट, साइट, व्हाइट हे टी-ई वाले शब्दही तसेच ऐकू येतात. देवनागरीतून इंग्रजी शिकणाऱ्यांची खरी अडचण हीच. रात्रही नाइट आणि सरदारही नाइट. उजवा, लिहिणं आणि विधी हे तिन्ही राइट. पत्त्याच्या मागचा उच्चार वाचून स्पेलिंग कधीच येणार नाही. श्रुतलेखन घ्या, आणि शब्द वाक्यातच सांगा.

याच गठ्ठीत प्लेराइट आहे. नाटककार म्हणजे नाटक लिहिणारा, म्हणून मुलं शेवटी डब्ल्यू-आर-आय-टी-ई लिहितात, आणि पत्त्यावरच्या वाक्यातही तीच चूक छापून गेली आहे. तिथला राइट हा घडवणारा, कारागीर. चाकं करणारा व्हीलराइट, जहाजं बांधणारा शिपराइट. आपल्या नाटककारातला 'कार' जसा करणारा, तसा तो राइट. एवढं सांगितलं की चूक परत होत नाही. फोर्टनाइटचा अर्थ 'पंद्रह दिन' छापलाय. शब्दातच चौदा रात्री आहेत, 14 लिहा. आपला पंधरवडा आणि त्यांचा फोर्टनाइट यांत एका दिवसाचा फरक आहे आणि तो परीक्षेत विचारला जाऊ शकतो. अलाइट म्हणजे गाडीतून उतरणं एवढाच अर्थ दिलाय, पण तोच शब्द पेटलेल्यालाही लागतो. ब्लाइटला 'बीमारी' म्हटलंय. बटाटा लावणाऱ्या माळव्यात करपा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, करपा लिहा. आणि डिलाइट या शब्दात जी-एच चोरून आलं आहे: मूळ फ्रेंचात ते नव्हतं, सोळाव्या शतकात लाइटच्या नादाने लागलं.

तिसरी गठ्ठी 12 पत्त्यांची, ई-आय-जी-एचची, आणि तिच्यातच ए-आयचा एकुलता एक स्ट्रेट. उच्चार ए: एट, वे, वेट, फ्रेट, नेबर. अपवाद फक्त दोन, हाइट आणि हातचलाखीतला स्लाइट. वजन वेट आणि उंची हाइट ही जोडी एकत्र घोकून घ्यावी. हाइटच्या शेवटी लोक 'थ' लावतात, लेंग्थ, विड्थ, डेप्थ यांच्या वळणाने. शेवटी साधा टी आहे. नेबर फोडून दाखवण्यासारखा आहे: नाय म्हणजे जवळ, पुढचा भाग राहणाऱ्याचा. नाय हा शब्द दुसऱ्या गठ्ठीत आहेच, दोन पत्ते शेजारी ठेवून दाखवा.

चौथी गठ्ठी 20 शब्दांची, ए-यू किंवा ओ-यू, मग जी-एच, मग टी. उच्चार ऑ: थॉट, बॉट, कॉट, डॉटर, नॉटी. अपवाद तीन. ड्राउट म्हणजे अवर्षण, ड्राफ्ट म्हणजे फटीतून येणारा वाऱ्याचा झोत किंवा एका दमातला घोट, आणि लाफ्टर. संचातली सगळ्यात घोर चूक इथेच आहे. ड्राफ्टच्या पत्त्यावर उच्चार 'ड्राट' आणि अर्थ 'सूखा' छापलाय. स्पेलिंगमध्ये ए-यू असेल तर वारा, ओ-यू असेल तर दुष्काळ. हा पत्ता आधी दुरुस्त करा, मगच मुलाच्या हाती द्या.

या गठ्ठीतल्या क्रियापदांसाठी एक युक्ती आहे, जी नियमांच्या चार पत्त्यांवर असायला हवी होती आणि नाही. मूळ क्रियापदात ए हे अक्षर असेल तर भूतकाळात ए-यू: कॅच, टीच यांचे कॉट आणि टॉट. मुळात ए नसेल तर ओ-यू: बाय, ब्रिंग, थिंक, सीक, फाइट. एकही सुटत नाही. बॉट आणि ब्रॉट यांची अदलाबदल तर बी.ए. झालेलेही करतात, ब्रिंगमध्ये आर आहे म्हणून ब्रॉटमध्ये आर, बायमध्ये नाही म्हणून बॉटमध्ये नाही. नॉट म्हणजे शून्य, त्यावरूनच नॉटी: आधी काहीच नसलेला, मग दुष्ट, आणि आता नुसता खोडकर. फुली-गोळ्याच्या खेळाला इंग्रज नॉट्स अँड क्रॉसेस म्हणतात तो हाच नॉट, ओ-यू वाला.

पाचव्या गठ्ठीत 16 पत्ते उरतात आणि सगळी बदनामी यांच्यामुळे झालेली आहे. शेवटी उघडं जी-एच, पुढे टी नाही. सहा शब्दांत फ: टफ, रफ, इनफ, कॉफ, ट्रॉफ आणि लाफ. तिघांत ओ: दो, ऑल्दो आणि कणकेचा डो. थ्रूमध्ये ऊ. बाउ, प्लाउ आणि स्लाउमध्ये आउ. थरो आणि बरो यांचा शेवट अमेरिकन तोंडी ओ, ब्रिटिश तोंडी आखूड अ. राहिला हिकप, ज्यात जी-एच चक्क प म्हणतं, कारण शब्द मुळात हिकप असाच होता. उचकीचा खोकल्याशी संबंध असावा या समजुतीने कोणीतरी त्याला कॉफचं शेपूट लावलं. साधं डबल-सी-यू-पी लिहिलं तरी बरोबरच धरतात, तेव्हा तो पत्ता बाजूला काढला तरी चालेल. त्याच्या जागी फर्लो हवा होता. कैद्याच्या फर्लोची बातमी वर्तमानपत्रात वरचेवर असते आणि त्याचं स्पेलिंग शंभरातल्या दहांनाही येत नसेल. स्लाउचा एकच अर्थ दिलाय, दलदल. तेच स्पेलिंग स्लफ असं वाचलं की सापाने कात टाकणं. मागे दुसरी ओळ घाला.

हिशेब मांडला तर 96 पैकी 75 शब्द सरळ नियमात बसतात. पाठ करायचे उरतात ते दोन, तीन आणि सोळा, मिळून 21. खोका विकणाऱ्याने ही एक ओळ झाकणावर छापली असती तर आणखी खपला असता. त्याऐवजी झाकणावर काय आहे, तर बर्नार्ड शॉच्या नावाने तो जुना विनोद: जी-एच-ओ-टी-आय लिहा आणि फिश वाचा (इनफमधलं जी-एच, विमेनमधला ओ, नेशनमधलं टी-आय). विनोद शॉचा नव्हेच. 1855 च्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉ जन्मला 1856 मध्ये. शिवाय विनोद म्हणूनही तो लंगडा आहे, कारण आरंभीचं जी-एच फ कधीच म्हणत नाही आणि शेवटचं टी-आय श म्हणत नाही. आपली जागेची गोष्ट त्याने उलट सिद्धच होते.

नियमांच्या चार पत्त्यांपैकी दोन फाडून टाकण्याच्या लायकीचे. 'शब्द के अंत में जी-एच याने फ' असं एकावर आहे. हाय, वे, दो, थ्रू, प्लाउ, सगळेच त्याला खोटं पाडतात. दुसऱ्यावर 'टी से पहले हमेशा साइलेंट', आणि त्याच खोक्यात लाफ्टर आणि ड्राफ्ट बसलेत.

ही जोडी आली कुठून, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि संचात त्यावर अवाक्षर नाही. जुन्या इंग्रजीत तिथे घशातला एक आवाज होता, इंदुरात उर्दूचा कान असलेल्यांना 'ख़बर'मधला ख़ म्हटलं की कळेल. नॉर्मन, म्हणजे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तो आवाज जी-एचने लिहिला. चौदाव्या शतकात नाइट म्हणजे निख़्त, आणि सरदार असेल तर क्निख़्त, पुढचा के धरून. पुढच्या दोन-तीन शतकांत आवाज बहुतेक ठिकाणी विरला, काही ठिकाणी फ झाला, आणि स्पेलिंग छापखान्यात अडकून राहिलं. जर्मनने मात्र आवाज टिकवला: नाख्ट, आख्ट, टोख्टर. आपल्याकडे नक्त, अष्ट, दुहिता. गोव्याकडे मुलीला अजून धूव म्हणतात. सातवीच्या वर संस्कृत घेतलेली मुलं असतील तर नाइट, एट आणि डॉटर हे तीन पत्ते एवढ्यानेच कायमचे डोक्यात बसतात.

मागच्या उच्चारांची तक्रार खास मराठी घरांसाठी. हिंदी छपाईच्या सवयीने अर्धचंद्र गाळलाय. थॉटचं 'थाट', डॉटरचं 'डाटर', कॉफचं 'काफ'. हिंदी वाचणारा संदर्भाने निभावून नेतो. मराठी मूल जसं छापलंय तसं वाचतं, आणि थाट म्हणजे त्याला लग्नातला थाट. या गठ्ठ्यात ऑ आणि आ यांचाच तर सगळा खेळ आहे. लाफ्टर आणि स्लॉटर यांच्यात स्पेलिंगचा फरक एका एसचा. हसणं लाफ्टर, कत्तल स्लॉटर. पत्त्यांवर 'लाफ्टर' आणि 'स्लाटर' छापलं की तो भेद मेला. चौथ्या गठ्ठीतले ऑ म्हणणारे 17 शब्द, शिवाय कॉफ आणि ट्रॉफ, अशा 19 पत्त्यांवर पेनाने चंद्र काढा. पाच मिनिटांचं काम आहे. लाफ, लाफ्टर आणि ड्राफ्ट यांवर मात्र काढू नका. क्यूआर कोड स्कॅन केला की ऐकू येणारा आवाज अमेरिकन वळणाचा आहे, त्यात बॉट पुष्कळदा 'बाट'कडे झुकतो, म्हणून कानावर सोपवून भागणार नाही.

अर्थ हिंदीत आहेत ते बहुतेक घरांत चालतील. तीन-चार ठिकाणी मराठी शब्द नेमका आहे, तो लिहावा. ट्रॉफला 'नाँद' छापलंय. गुरांच्या वैरणीची असेल तर गव्हाण. 'डो'ला 'आटा' म्हटलंय, पण आटा म्हणजे कोरडं पीठही. डो म्हणजे भिजवलेली कणीक. हॉटी 'घमंडी', तिथे गर्विष्ठ. 'ने' या शब्दाला नुसतंच 'आवाज़', तिथे घोड्याचं खिंकाळणं.

वापरायची रीत. पहिल्या दिवशी फक्त दुसरी गठ्ठी, वाचन. दुसऱ्या दिवशी तिचंच श्रुतलेखन, आणि मधे मधे काइट, साइट, बाइट असे चार-पाच परके शब्द घुसवा. तिसऱ्या दिवशी पहिली आणि तिसरी. चौथी गठ्ठी दोन दिवस घेते. पाचवीतले शब्द रोज चारच, आणि फार तर दोन आवाजांचे: एका दिवशी टफ, रफ, इनफ, लाफ, दुसऱ्या दिवशी कॉफ, ट्रॉफ आणि प्लाउ, बाउ. दो आणि थ्रू एकाच दिवशी घेऊ नयेत. थरो सगळ्यात शेवटी, आणि तो लिहिताना थ-ओ-र असं पहिलं ओ म्हणून घ्यायला लावा, कारण मुलं नेमकं तेच ओ गाळतात आणि थ्रू लिहून बसतात. चुकलेला पत्ता गठ्ठीच्या तळाशी सरकवू नका, वरून चौथा ठेवा. लगेच परत येतो आणि तेव्हा आठवतो. असं केलं तर शाळकरी मुलाला दोन आठवडे पुरतात, परीक्षार्थ्याला त्याहून कमी.

तांबड्या रंगाबद्दल एक. फक्त जी-एच तांबडं करण्यापेक्षा आधीचे स्वर धरून पूर्ण तुकडा रंगवायला हवा होता, कारण डोळ्याने पकडायचा आहे तो तुकडा. लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं. बारीक टोकाच्या परमनंट मार्करने खाली एक रेघ ओढली तरी काम होतं.

शिकवणी घेणाऱ्यांनी घ्यावा. घरी बसून दुरुस्त्या करायला तासभर नसेल त्यांनी दोनशे रुपये वाचवावेत आणि 21 शब्द वहीत उतरवून भिंतीला लावावेत. घेणार असाल तर खोका दुकानातच फोडून मोजा. तपासलेल्या तीन खोक्यांपैकी एकात थॉट दोनदा होता आणि थ्रू नव्हताच. खजुरीत पावती दाखवली की बदलून देतात, भंवरकुआंच्या टपऱ्यांवर पावतीच मिळत नाही.